ठोसा खरा हवा

नाशिक

चि. सोनूस,

काल वणीहून दादाचा फोन आला होता. कराटेच्या क्लासमध्ये अजून ‘खरी फाईट’ लावत नाहीत, नुसतं पाच पावलं पुढं आणि पाच पावलं मागं चालतं, म्हणून तू रुसली आहेस असं कळलं. फोनवर तू ‘हो आत्या’ म्हणून मोकळी होशील, म्हणून पत्र लिहितेय.

या पाच पावलांच्या सरावात, म्हणजे गोहोन कुमितेत, सगळं आधीच ठरलेलं असतं, हे खरं. सर ‘जोदान’ म्हणतात, समोरची तोंडावर ठोसा टाकते, तू मागं सरकून आगे-उके घालतेस, म्हणजे हात वर नेऊन तो अडवतेस, आणि पाचव्या ठोशानंतर उलट ठोसा मारतेस. कुठं मारणार हे माहीत असतं, म्हणूनच तुझं सगळं लक्ष अंतराकडं आणि वेळेकडं राहू शकतं. ठोसा निघायच्या आधीच तू मागं पळत असशील, तर या सरावातून तुझ्या हाती काही लागणार नाही. तिचं पाऊल उचललं जाईपर्यंत थांब.

पण मला जास्त सांगायचंय ते हल्ला करणारीबद्दल. बहुतेक मुली मैत्रिणीला लागू नये म्हणून ठोसा कानाच्या बाजूनं सोडतात, नाहीतर हातभर अलीकडंच थांबवतात. याला मी माया म्हणणार नाही. अशानं ती बिचारी हवा अडवते आणि आपल्याला अडवता येतं असं समजून बसते. नेम तिच्या ओठांवरच धर, पाऊल पूर्ण टाक, आणि तिचा हात चुकलाच तर मूठ कातडीच्या दोन बोटं अलीकडं थांबली पाहिजे. जोडीदार नवी असेल तर वेग कमी कर, नेम मात्र हलवू नकोस.

मूठ थांबवणं दुय्यम समजू नकोस. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, कराटेत पुरुषांच्या सर्वांत वरच्या वजनगटाच्या अंतिम लढतीत सौदीचा तारेग हमेदी ४-१ असा पुढं होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेच्या डोक्यावर बसली आणि गंजजादे बेशुद्ध पडला. ताबा सुटला म्हणून हमेदी बाद झाला आणि सुवर्णपदक गंजजादेला मिळालं. मला हा निकाल योग्य वाटतो.

आता जोडीदाराबद्दल. आपल्याकडचं सांगायचं तर २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत नाशिककडून उतरलेला हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर आले. दोघंही काका पवारांच्या तालमीतले पठ्ठे, रोज एकाच मातीत घाम गाळणारे. हर्षवर्धन जिंकला आणि त्यानं शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं. तालमीत जोड चांगली मिळाली तरच पैलवान घडतो, हे त्या दोघांना कुणी सांगायची गरज नव्हती.

तू कायम एकाच मैत्रिणीबरोबर उभी राहतेस म्हणे. तिचा ठोसा तुला आता पाठ झालाय. चैत्रात वणीच्या गडाच्या यात्रेची गर्दी ओसरली की सरांना सांग, जोडी बदलून द्या. उंच मुलगी माग, डावखुरी असेल तर फारच उत्तम. आणि जाताना नखं कापलेली असू देत, बांगड्या घरी काढून ठेवत जा.

तुझी,
आत्या