स्वादुपिंडाचा कर्करोग, सीटी स्कॅन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : एक अभ्यास

गेल्या वर्षभरात काही देणगीदार हितचिंतकांनी आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारला. स्वादुपिंडाचा कर्करोग लवकर ओळखणारी संगणक प्रणाली निघाली आहे असे वाचनात येते. ती आपल्या रुग्णालयात का आणू नये? विचारणाऱ्यांपैकी काहींच्या घरी हा आजार येऊन गेलेला आहे. म्हणून दोन ओळींची पोच न देता अहवालातच सविस्तर उत्तर द्यावे, असे ठरले. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. शरीरशास्त्र क्ष-किरण विभागातील डॉक्टरांकडून समजून घेतले. आकडे मात्र स्वतः पडताळले आहेत.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे दडलेली, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची ग्रंथी. पोट तपासताना ती हाताला लागत नाही आणि सोनोग्राफीत आतड्यातील वायूमुळे पुष्कळदा झाकली जाते. गाठ वाढून पित्तनलिका दाबू लागली की कावीळ दिसते. तोवर बहुधा उशीर झालेला असतो. निदानाच्या वेळी शस्त्रक्रिया शक्य असते ती १५ ते २० टक्के रुग्णांतच. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या आकडेवारीनुसार निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्के आहे. गाठ ग्रंथीपुरतीच मर्यादित असताना सापडल्यास तेच सुमारे ४४ टक्के होते. या दोन आकड्यांमधील अंतरासाठीच हा सारा खटाटोप चालला आहे.

सन २०२३ च्या नोव्हेंबरात 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात 'पांडा' नावाच्या प्रणालीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चीनमधील अलीबाबा समूहाची दामो अकादमी व शांघाय येथील डॉक्टर यांचे हे काम. त्याचे वैशिष्ट्य असे की, शिरेत औषध न सोडता काढलेल्या साध्या सीटी स्कॅनवर ते चालते. अशा चित्रात गाठ आणि ग्रंथी जवळजवळ एकाच करड्या छटेच्या दिसतात, म्हणून डॉक्टर एरवी कॉन्ट्रास्ट औषध देऊनच स्कॅन काढतात. पांडाच्या निर्मात्यांनी युक्ती केली ती येथे. कॉन्ट्रास्टच्या चित्रावर तज्ज्ञांनी आखलेली गाठीची सीमारेषा त्यांनी त्याच रुग्णाच्या साध्या चित्रावर उतरवली आणि अशा ३,२०८ रुग्णांच्या चित्रांवरून संगणकाला शिकवले. मग दहा केंद्रांतील ६,२३९ रुग्णांवर पडताळणी झाली. गाठ ओळखण्यात संगणक रेडिओलॉजिस्टांच्या सरासरीपेक्षा सरस ठरला. पुढे नेहमीच्या कामकाजातील २०,५३० रुग्णांच्या स्कॅनवर १०० पैकी जवळजवळ ९३ विकार त्याने पकडले, आणि निरोगी व्यक्तीला निरोगी म्हणण्यात तो ९९.९ टक्के अचूक राहिला.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यासही लक्षात घेण्याजोगा आहे. पुढे कर्करोग झालेल्या रुग्णांचे, निदानापूर्वी ३ ते ३६ महिने आधी अन्य कारणासाठी काढलेले स्कॅन त्यांनी संगणकाला दाखवले. डोळ्यांना निर्दोष वाटलेल्या ग्रंथीतही संगणकाला फरक जाणवला.

हे सारे वाचून मन हुरळते, हे आम्ही नाकारत नाही. तथापि हिशेब मांडून पाहू. समजा, कोणतीही तक्रार नसलेल्या १०,००० माणसांत हा रोग एकालाच आहे. यंत्र ९९ टक्के अचूक असले तरी १०० निरोगी माणसांना 'संशयित' ठरवील, ९९.९ टक्के असले तर १० जणांना. त्या प्रत्येकाला कॉन्ट्रास्ट स्कॅन, कदाचित एंडोस्कोपीतून सोनोग्राफी, कदाचित सुईने तुकडा काढणे, आणि घरच्यांच्या काही रात्री जागून काढणे. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने २०१९ मध्ये लक्षणे नसलेल्या सर्वसामान्य प्रौढांची सरसकट तपासणी करू नये असे पुन्हा सांगितले. घराण्यातच हा रोग असलेल्यांची गोष्ट वेगळी.

म्हणून या प्रणालीचा खरा उपयोग सरसकट शिबिरांत नाही. मुतखडा, अपघात, खोकला अशा कारणांनी स्कॅन होऊनच गेलेला असतो. त्यावर दुसरी नजर फिरवणे, एवढेच तिचे काम. त्यात रुग्णाला जादा किरणोत्सर्ग नाही.

आमची अडचण दोन ठिकाणी आहे. पांडाची पडताळणी चीन, तैवान व झेक प्रजासत्ताकातील केंद्रांत झाली. भारतातले केंद्र त्यात नव्हते. आपल्याकडे, विशेषतः दक्षिणेत, स्वादुपिंडात खडे होणारा जुनाट दाह आढळतो. अशा ग्रंथींवर प्रणाली कशी वागते, हे आधी पाहायला हवे. दुसरे, संगणकाचा इशारा आल्यावर त्या रुग्णाला फोन करणारा, पुढील तपासणीचा खर्च उचलणारा आणि गरज पडल्यास शस्त्रक्रियेपर्यंत नेणारा कोणी असावा लागतो. देणगीतून प्रणाली घेणे सोपे आहे; हा मागचा खर्च दरवर्षीचा आहे, आणि देणगीपत्रावर त्याचे नाव क्वचितच लिहिले जाते. तेव्हा प्रथम पाठपुराव्यासाठी निधी उभारावा आणि प्रणालीचा विचार त्यानंतर करावा, असे आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवले आहे.

तोपर्यंत रुग्णांच्या कुटुंबीयांना दोन विनंत्या. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह उद्भवला आणि सोबत वजन घटू लागले, तर केवळ साखरेच्या गोळीवर न थांबता डॉक्टरांना ते सांगावे. आणि कोणत्याही कारणाने काढलेल्या सीटी स्कॅनची सीडी रद्दीत घालू नये. पुढच्या तपासणीला येताना ती सोबत आणावी, म्हणजे जुन्या व नव्या चित्रांची तुलना क्ष-किरण विभागात करता येईल.