शेतकऱ्याचा जमाखर्च : तो कसा ठेवावा व कसा वाचावा

पीक कसें आलें, असें विचारल्यास कोणताही शेतकरी एकरीं किती क्विंटल उतरलें तें तत्काळ सांगतो. परंतु त्या पिकांत शेवटीं हातीं काय राहिलें, असें विचारल्यास बहुतेकांचें उत्तर अंदाजाचें असतें. जमिनीचा कस, पावसाचा रोख आणि बाजारभाव ह्यांविषयीं जो मनुष्य इतका दक्ष असतो, तोच स्वतःच्या पैशाविषयीं केवळ आठवणीवर विसंबून राहतो, हें आश्चर्य होय. आठवणीस मोठी पट्टी लक्षांत राहते. बारीकसारीक खर्च राहत नाहीं. म्हणून आठवणीचा हिशेब नेहमीं खऱ्यापेक्षां गोड निघतो, आणि त्या गोड हिशेबावर भरंवसा ठेवून केलेलें कार्य किंवा घेतलेलें वाहन पुढें कर्जाच्या रूपानें कडू होतें. प्रस्तुत लेखांत शेतकऱ्यानें कोणत्या वह्या ठेवाव्या, त्यांत काय लिहावें आणि त्यांवरून काय समजून घ्यावें, ह्याचा क्रमानें विचार करावयाचा आहे.

१. वही कोणाची ?

हा प्रश्न आपल्या प्रांतांत नवा नाहीं. सन १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें रयतेनें सावकारांविरुद्ध उठाव केला, आणि तो पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. लोकांचा रोख मुख्यत्वेंकरून सावकारांजवळील खतें, रोखे व वह्या हस्तगत करून जाळण्यावर होता. ह्यांतील मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. देणें-घेणें दोघांचें, परंतु वही एकाचीच. अशी ती स्थिति होती. कुळाजवळ स्वतःचें टिपण नसल्यामुळें सावकार जो आंकडा दाखवील तो मान्य करणें, किंवा तो कागदच नाहींसा करणें, ह्यावांचून त्यास तिसरा मार्ग दिसला नाहीं.

पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यांत केवळ रोख्यावर न थांबतां मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. तसेंच भरलेल्या रकमेची पावती व खात्याचा उतारा मागण्याचा हक्क शेतकऱ्यास मिळाला. तो कायदा आज राहिला नाहीं. परंतु सावकारानें रीतसर हिशेब ठेवावा व ऋणकोस तो द्यावा, हें तत्त्व महाराष्ट्रांतील २०१४ च्या सावकारी नियमनाच्या कायद्यांतहि आहे. मात्र हक्क कायद्यानें मिळतो. त्याचा उपयोग करण्यास स्वतःची वही लागते. ज्याच्याजवळ तारीखवार टिपण आहे, तोच समोरच्या उताऱ्यांतील चूक दाखवूं शकतो.

शेतकऱ्याच्या घरचा जमाखर्च मांडून पाहण्याचे प्रयत्नहि आपल्याकडे झालेले आहेत. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन ह्यांनीं पुण्याजवळील पिंपळें सौदागर ह्या गांवाची पाहणी करून ती १९१७ सालीं प्रसिद्ध केली. तींत जमिनीचे तुकडे व पिकें ह्यांबरोबर गांवांतील कुटुंबांची मिळकत, खर्च व कर्ज हींहि त्यांनीं मांडलीं, आणि पुष्कळ कुटुंबांस केवळ शेतीच्या उत्पन्नावर भागवितां येत नाहीं असें दाखविलें. आज तें गांव पिंपरी-चिंचवड शहराचा भाग झालें आहे. परंतु एका परक्या अभ्यासकास विचारून विचारून जें जमवावें लागलें, तें प्रत्येक शेतकऱ्यास आपल्या घरीं बसून जमवितां येण्यासारखें आहे.

२. तीन वह्या

शेतकऱ्यास पेढीवरील मुनिमासारख्या पुष्कळ वह्यांची गरज नाहीं, तीन पुरेत.

पहिली रोजकीर्द. डाव्या बाजूस जमा, उजव्या बाजूस नांवें. प्रत्येक नोंदींत तारीख, रक्कम, कोणास अथवा कोणाकडून, आणि कशासाठीं, ह्या चार गोष्टी असाव्या. ‘आधीं लिहावें, मग द्यावें’ हा व्यापाऱ्याचा दंडक शेतांत पाळणें कठीण. म्हणून निदान रात्रीं जेवणापूर्वीं दिवसाच्या नोंदी झाल्याच पाहिजेत. हातांतील शिल्लक व वहींतील शिल्लक आठवड्यांतून एकदां, गांवच्या बाजारच्या दिवशीं, ताडून पाहावी.

अलीकडे पुष्कळ देणें मोबाइलवरून होतें, तेव्हां नोंद आपोआप राहतेच, असें कित्येक म्हणतात. ही समजूत अर्धीच खरी आहे. मोबाइलमध्यें पैसे कोणास गेले तें राहतें; कशासाठीं गेले तें राहत नाहीं. एकाच दुकानदारास दिलेल्या दोन हजारांत खताचे किती व घरच्या किराणा मालाचे किती, हें वहीच सांगेल. शिवाय नोटा मोजून देतांना हात जसा आंखडतो, तसा तो पडद्यावर बोट ठेवतांना आंखडत नाहीं. म्हणून अशा खर्चाची नोंद अधिक काळजीनें ठेवावी.

दुसरी खतावणी. रोजकीर्दींतील नोंदी महिन्यांतून एकदां येथें आपापल्या पानावर न्याव्या. प्रत्येक पिकास एक पान, दुभत्या जनावरांस एक, विहीर व पंप ह्यांस एक, घरखर्चास एक. सरकारी मदतीचे पैसे, उदाहरणार्थ २०१९ सालीं सुरू झालेल्या पी. एम. किसान योजनेचे हप्ते, हे कोणत्याहि पिकाच्या पानावर जमा करूं नयेत. त्यांचें पान वेगळें ठेवावें. नाहींतर तोट्याचें पीक नफ्याचें दिसूं लागतें.

तिसरी देण्याघेण्याची वही. कोणाकडून किती घेतले, कोणत्या दरानें, मुदत कोणती, परत किती केले व पावती कोठें आहे, हें तींत असावें. उसनवारी दिलेलें धान्य व बियाणेंहि येथेंच लिहावें.

वर्षारंभ १ एप्रिलपासून धरावा असें आम्ही सुचवितों. दिवाळी पाडव्यास वहीपूजन करण्याची चाल व्यापाऱ्यास सोयीची आहे; परंतु त्या वेळीं आपला खरीप माल अर्धा शेतांत व अर्धा खळ्यांत असतो. एप्रिलमध्यें नांगरट सुरू होते आणि मार्चअखेर बहुतेक माल विकला गेलेला असतो. बँकेचें वर्षहि तेंच आहे. ३१ मार्च रोजीं घरांत जो माल, बियाणें व चारा उरेल, तो मोजून त्या दिवसाच्या भावानें शिल्लक म्हणून मांडावा.

३. एका पिकाचें पान

आतां एक कल्पित उदाहरण घेऊं. आंकडे केवळ रीत दाखविण्यासाठीं आहेत. वाचकांनीं आपले आंकडे घालावे. दोन एकर सोयाबीनचा रोख खर्च असा झाला : बियाणें ५,००० रुपये, खतें ६,०००, नांगरट, पाळी व पेरणी ७,५००, तणाचीं व किडीचीं औषधें ५,५००, काढणी व मळणी ११,०००, वाहतूक व हमाली २,०००. एकूण ३७,००० रुपये. उत्पन्न १६ क्विंटल. भाव क्विंटलला ४,५०० रुपये. जमा ७२,००० रुपये.

पट्टी हातीं येतांच शेतकऱ्याच्या मनांत ७२,००० हा आंकडा बसतो. जो थोडा सावध आहे, तो ३५,००० रुपये नफा झाला असें म्हणतो. परंतु हिशेब येथें संपत नाहीं. घरच्या माणसांनीं २४ दिवस काम केलें. चारशें रुपये रोजानें त्याचे ९,६०० रुपये झाले. पंप व अवजारें ह्यांची ह्या पिकाच्या वांट्याची झीज ३,००० रुपये धरूं. तीस हजारांचा पंप दहा वर्षें टिकत असेल, तर तो दरवर्षीं तीन हजार रुपये खातो, हें तो बंद पडेपर्यंत आपल्या लक्षांत येत नाहीं. आतां रोख खर्चाचे ३७,००० रुपये दरमहा शेकडा तीन दरानें सहा महिन्यांकरितां आणलेले असतील, तर व्याज ६,६६० रुपये. सर्व मिळून खर्च ५६,२६० रुपये झाला, आणि खरी शिल्लक १५,७४० रुपये राहिली. बहात्तर हजार व पावणेसोळा हजार ह्यांतील अंतर हेंच शेतकऱ्याच्या कर्जाचें मूळ पुष्कळदां असतें.

ह्याच पानावरून आणखी एक आंकडा काढावा. एकूण खर्चास क्विंटलांनीं भागल्यास ३,५१६ रुपये येतात. ह्याहून कमी भावानें माल गेला तर तोटा, हें बाजारांत जाण्यापूर्वींच कळतें. पावसानें ओढ दिली व १६ च्या जागीं १२ क्विंटल उतरले, तर तोच आंकडा ४,६८८ होतो, आणि ४,५०० भावानेंहि तोटा येतो. दोन शेतकरी एकाच दिवशीं एकाच भावानें माल विकून एक नफ्यांत व एक तोट्यांत कसा असतो, हें यावरून उघड होईल.

सरकारचा कृषि मूल्य आयोगहि खर्चाचे असेच थर मांडतो : पहिला पदरच्या खर्चाचा, दुसरा त्यांत घरच्या श्रमाचें मोल मिळवून, आणि तिसरा स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचें व्याज धरून. हमीभाव खर्चाच्या दीडपट, असें जें २०१८ पासून सांगण्यांत येतें, तें दुसऱ्या थरावर मोजलेलें आहे, तिसऱ्यावर नव्हे. आपल्या पानावर हे थर मांडलेले असले, म्हणजे अशा वादांत आपली बाजू आंकड्यांनीं मांडतां येते.

४. घरखर्च

नोकरदारास दरमहा पगार मिळतो. शेतकऱ्यास वर्षांतून दोनतीन वेळां पैसा दिसतो, परंतु चूल बारा महिने पेटते. म्हणून पट्टी मिळेल त्याच दिवशीं तिचे चार वांटे करावे : पहिला कर्जफेडीचा, दुसरा पुढील हंगामाच्या बियाण्याचा व खतांचा, तिसरा घरखर्चाचा, चौथा शिलकीचा. घरखर्चाच्या वांट्यास पुढील पट्टी मिळेपर्यंतच्या महिन्यांनीं भागावें. नोव्हेंबरच्या आरंभीं ६०,००० रुपये राहिले व पुढील पैसा मार्चअखेर येणार असेल, तर पांच महिन्यांस दरमहा १२,००० रुपये हा आपला पगार समजावा, आणि त्यापलीकडे हात जाऊं देऊं नये.

ही मर्यादा एकट्या पुरुषानें ठरवूं नये. किराणा, दूध, औषधपाणी व मुलांच्या शाळेचा खर्च गृहिणीच्या हातून होतो. वहीचें तें पान तिच्याकडेच असावें. ज्या घरांत बाईस पट्टीचा आंकडा ठाऊक नसतो, तेथें काटकसर एका हातानें होते व उधळपट्टी दुसऱ्या. लग्नकार्याचा खर्चहि दोघांनीं बसून आधीं कागदावर मांडावा, व त्यांतील किती शिलकींतून व किती कर्जांतून होणार हें स्पष्ट लिहावें. लिहिलेला आंकडा वाढवितांना मनुष्य थबकतो.

५. व्याज व मुदत

व्याजाचा दर नेहमीं वर्षाच्या मापानें वाचावा. दरमहा शेकडा तीन हा दर ऐकावयास हलका, परंतु वर्षास तो शेकडा छत्तीस होतो. एक लाख रुपये आठ महिने वापरल्यास ह्या दरानें २४,००० रुपये व्याज पडतें. शेकडा सात वार्षिक दरानें तेंच सुमारें ४,६६७ रुपये. २०२५-२६ च्या नियमाप्रमाणें तीन लाखांपर्यंतचें अल्पमुदतीचें पीककर्ज शेकडा सात दरानें मिळतें, व मुदतींत फेडल्यास शेकडा तीन सूट मिळून दर चार होतो. महाराष्ट्रांत डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळें वेळेवर फेडणाऱ्याचा हा भारहि उतरतो. परंतु मुदतीचा दिवस चुकला, कीं सूट गेली. म्हणून देण्याघेण्याच्या वहीच्या पहिल्याच पानावर ही तारीख तांबड्या शाईनें लिहावी, व तिच्या तीन महिने आधींपासून रक्कम बाजूस काढावी.

पुष्कळ ठिकाणीं खासगी पैसे चार दिवसांकरितां आणून बँकेचें खातें ‘नवें-जुनें’ करितात. त्यानें कागदावर कर्ज फिटतें, घरांत फिटत नाहीं. पंधरा दिवसांस लाखामागें दीड हजार रुपये ह्या मार्गानें जातात, आणि मूळ मुद्दल जशीच्या तशी उभी राहते. तीन वर्षें सारखें नवें-जुनें करावें लागत असेल, तर तें पीककर्ज नसून घरखर्चाची तूट आहे, असें वहीवरून ओळखावें.

६. वर्षअखेरचा ताळा

मार्चअखेर एक संध्याकाळ राखून ठेवावी. प्रथम घरचें देणें मांडावें, मग येणें, रोख, माल व जनावरें. मागील वर्षाच्या त्याच दिवसापेक्षां आपण वर आहों कीं खालीं, हें पाहावें. नंतर प्रत्येक पिकाचें पान उघडून तीन प्रश्न करावे : सर्वांत मोठा खर्च कोणता ? तो कमी झाला असतां काय बिघडलें असतें ? सलग तीन वर्षें तोटा दाखविणारें पीक आपण संवयीनें तर लावीत नाहीं ना ?

वही पाऊस पाडीत नाहीं व भावहि चढवीत नाहीं. शेतकऱ्याच्या संकटांचीं अनेक कारणें त्याच्या हाताबाहेरचीं आहेत, आणि केवळ काटकसरीचा उपदेश करून त्यांचें निवारण होणार नाहीं. परंतु जें हाताबाहेर आहे तें किती, व जें हातांत आहे तें किती, हें वहीवांचून कळत नाहीं. दीडशें वर्षांपूर्वीं वही दुसऱ्याच्या घरीं होती, म्हणून ती जाळावीशी वाटली. आज ती आपल्या घरीं असूं शकते. वाचकांनीं येत्या १ एप्रिलची वाट न पाहतां आजच्या तारखेनेंच पहिलें पान उघडावें, आणि पहिली नोंद म्हणून आपलें एकंदर देणें न लपवितां लिहावें.