एक पंप की दोन? आवाज न करणारा वॉटर-कूल्ड कॉम्प्युटर बनवून विकताना

कस्टम कॉम्प्युटर असेंब्लीचा व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्यांसाठी आजचा धडा आहे. विषय छोटा वाटेल, पण तुमचा नफा राहणार की पळणार हे बऱ्याचदा इथेच ठरतं. विषय आहे पंप. व्हिडिओत मी हाताने जोडून दाखवलंय, इथे आकडे आणि कारणं सविस्तर देतो. वही-पेन घेऊन बसा.

आधी गिऱ्हाईक समजून घ्या. पनवेल, नवीन पनवेल, कामोठे, खारघर या पट्ट्यात घरातल्या एका खोलीत स्टुडिओ थाटलेली मंडळी आहेत. कुणी डबिंग करतं, कुणी व्हिडिओ एडिटिंग, कुणी ऑनलाइन क्लास घेतं. मशीन त्यांच्यापासून दोन फुटांवर आणि माइक तीन फुटांवर. असा माणूस वॉटर कूलिंगसाठी जास्तीचे पैसे मोजतो तेव्हा तो पाणी विकत घेत नाही, पंपही घेत नाही. तो शांतता विकत घेतो. म्हणून लिहून ठेवा : शांतता महागड्या पंपातून येत नाही. ती पंपाच्या वेगातून, बसवण्यातून आणि पाण्यातली हवा काढण्यातून येते. पुढचं सगळं या एका वाक्याचं स्पष्टीकरण आहे.

आधी विचारा : पंप हवाच आहे का?

गिऱ्हाइकाचा प्रोसेसर शंभर-सव्वाशे वॅट खात असेल आणि मोठं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर चांगला मोठा एअर कूलर आणि हळू फिरणारे पंखे पुरतात. ज्या मशीनमध्ये पंपच नाही, तिथे पंपाचा आवाजही नाही! हे खरं सांगून टाका. आज बिल लहान होईल, पण तोच माणूस पुढची तीन गिऱ्हाइकं घेऊन येईल. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ४०० वॅटच्या पुढे जात असतील, तर मात्र वॉटर कूलिंगचा विचार करा.

किती पाणी फिरायला हवं?

इथे नवखे लोक हमखास घसरतात. "जास्त जोर, जास्त थंड" असं त्यांना वाटतं. जरा गणित करू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४,१८६ ज्यूल लागतात. म्हणजे मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल, तर दर ७० वॅट उष्णतेमागे पाणी एक अंशाने तापतं. आता ४०० वॅटच्या मशीनचा हिशोब :

- मिनिटाला १ लिटर : पाणी आत जाताना आणि बाहेर येताना सुमारे ५.७ अंशांचा फरक
- मिनिटाला २ लिटर : सुमारे २.९ अंश
- मिनिटाला ४ लिटर : सुमारे १.४ अंश
- मिनिटाला ८ लिटर : सुमारे ०.७ अंश

पाहिलंत? एकावरून दोन लिटरवर गेलो तेव्हा जवळजवळ तीन अंश कमी झाले. चारवरून आठवर गेलो तर पाऊण अंशही नाही. आवाज मात्र भरपूर वाढला. म्हणून घरगुती मशीनला मिनिटाला तीन-चार लिटर म्हणजे सुखाचा संसार. पाणी एकंदरीत किती तापणार हे रेडिएटर किती मोठा आणि खोली किती गरम यावर ठरतं. मे महिन्यात पनवेलच्या बिनएसी खोलीत ३४ अंश असतील, तर पाणी त्याच्यावर आठ-दहा अंश राहील असा रेडिएटर निवडा. तिथे कंजूषी करून पंप जोरात पळवणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

उंचीचा गैरसमज

आपल्या डोक्यात पंप म्हटलं की सोसायटीच्या गच्चीवरची टाकी येते. "कॅबिनेट दोन फूट उंच आहे, मग जोराचा पंप लागेल ना?" नाही. गच्चीच्या टाकीत पाणी चढवून सोडायचं असतं. इथे पाणी गोल फिरतं, जत्रेतल्या आकाशपाळण्यासारखं. वर जाणाऱ्या पाळण्याचं वजन खाली येणारा पाळणा तोलून धरतो. ट्यूब एकदा भरली की पंपाला उंचीशी नाही, फक्त घर्षणाशी झुंजायचं असतं : ब्लॉकमधल्या बारीक खाचा, वळणं, फिटिंग. उंचीचा प्रश्न येतो तो फक्त पहिल्यांदा पाणी भरताना.

कोणता पंप घ्यायचा?

बाजारात वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने पंप मिळतात, पण पुष्कळांच्या पोटात दोनच घराण्यांचे पंप असतात : डी-५ आणि डीडीसी. दोन्ही मूळ लाइंग या जर्मन कंपनीचे.

डी-५ आकाराने मोठा. पूर्ण वेगात सुमारे २३ वॅट घेतो. काहीही न जोडता तासाला १,५०० लिटरपर्यंत पाणी ढकलतो आणि जवळपास चार मीटर उंचीपर्यंत दाब देतो. त्याचा फिरणारा भाग एका सिरॅमिकच्या गोळीवर टेकलेला असतो, दांडा नाही की सील नाही. कमी वेगात तो चांगला शांत चालतो. जागा असेल तर नवशिक्याने हाच घ्यावा.

डीडीसी लहान. त्याच्या १८ वॅटच्या मॉडेलचा दाब डी-५ पेक्षा जास्त, सुमारे पाच मीटर. छोट्या कॅबिनेटसाठी सोयीचा. पण तो स्वतः तापतो, खालून हवा किंवा हीटसिंक मागतो आणि त्याचा आवाज जरा तीव्र असतो.

दोन्हींत वेग बदलता येणारंच मॉडेल घ्या. डायलवाला डी-५ साधारण १,८०० ते ४,८०० आरपीएम या पट्ट्यात पाच पायऱ्यांत चालतो. आता पंपांचा नियम ऐका : वेग निम्मा केला की पाणी निम्मं होतं, दाब चौथाई होतो आणि ताकदीचा खर्च आठवा हिस्सा! म्हणजे पंप हळू चालवला की पाणी थोडं कमी होतं, पण धडपड फार कमी होते. आवाज तिथेच मरतो.

वायरिंगची एक सूचना. मदरबोर्डवरचा पंख्याचा हेडर सहसा १ अँपियर, म्हणजे १२ वॅट देतो. २३ वॅटचा पंप त्याच्यावर लावला तर बोर्ड जळू शकतो. वीज थेट पॉवर सप्लायच्या साटा किंवा मोलेक्स वायरवरून घ्या. हेडरला फक्त वेग सांगणारी आणि वेग वाचणारी वायर जाऊ द्या. आणि पंपाचा वेग तापमानाप्रमाणे वर-खाली होऊ देऊ नका, एका आकड्यावर बांधून ठेवा. कान एकसारख्या आवाजाला सरावतो, चढ-उताराला नाही.

एक की दोन?

आपल्या पनवेलमध्येच, हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत, २०२० मध्ये योट्टाचं एनएम१ डेटा सेंटर सुरू झालं. ७,२०० रॅकची त्याची क्षमता. अशा जागी गरजेपेक्षा जास्तीची यंत्रं ठेवतात, कारण तिथे थांबणं परवडत नाही. आवाजाचं त्यांना फारसं काही नाही, मशीनला खेटून कुणी डबिंग करत नसतं. तुमचं गिऱ्हाईक नेमकं उलटं आहे. म्हणून "मोठे लोक दोन लावतात, मग मीही लावतो" असं करू नका.

एकाच मशीनला एक चांगला पंप पुरतो. उद्या तो बंद पडला तरी प्रोसेसर गरम झाल्यावर स्वतःचा वेग कमी करतो आणि शेवटी मशीन बंद होतं. त्यात पंपाची वेग वाचणारी वायर योग्य हेडरला असेल, तर बोर्डाला धोक्याचा इशाराही द्यायला लावता येतो.

दोन पंप कधी? जेव्हा मशीन बंद पडणं म्हणजे गिऱ्हाइकाचं थेट नुकसान असतं, किंवा दोन-तीन ब्लॉक आणि दोन रेडिएटरमुळे एक पंप हळू चालवणं शक्यच होत नाही. तेव्हाही ते एकामागे एक जोडा. अशा जोडणीत दोघांचा दाब मिळतो, आणि एक थांबला तरी दुसरा त्याच्यातून पाणी ढकलत राहतो. शेजारी-शेजारी जोडले, तर थांबलेल्या पंपातून पाणी उलटं फिरून येतं आणि अडवायला झडपा लागतात. आपल्या कामात तो खटाटोप नको.

दोन पंपांचा आणखी एक त्रास. एक २,४०० आरपीएमवर आणि दुसरा २,४३० वर असेल, तर दर दोन सेकंदांनी "वूंऽऽ... वूंऽऽ" असा चढता-उतरता आवाज येतो. माइकजवळ बसलेल्याला तो एका पंपाच्या गुणगुणीपेक्षा जास्त टोचतो. वेगांत दोन-तीनशेचा फरक ठेवा, म्हणजे ही लाट जाते.

मांडणी : पाच नियम

१. टाकी पंपाच्या वर आणि लगेच आधी. पंपाच्या तोंडाशी कायम पाणी हवं. पंपाचं बेअरिंग पाण्यानेच ओलं राहतं. कोरडा पंप काही सेकंदही चालवू नका.

२. बाकी क्रम सोपा ठेवा. आधी प्रोसेसर की आधी ग्राफिक्स कार्ड यावर वाद घालू नका, वरचं गणित पाहा, फरक एक-दोन अंशांचा. जिथे ट्यूब कमी वळेल तो क्रम बरोबर.

३. पंप पत्र्याला थेट कसू नका. कॅबिनेटचा पत्रा म्हणजे ढोलकीचं पान! मध्ये मऊ फोम किंवा सिलिकॉनची गादी घाला, स्क्रू रबरी बुशमधून न्या आणि आवळून मारू नका.

४. पंपाजवळची ट्यूब मऊ ठेवा. कडक पाइप दिसतो छान, पण थरथर पूर्ण कॅबिनेटभर पोचवतो.

५. पाणी डिस्टिल्डच. देहरंग धरणाचं पाणी प्यायला कितीही गोड असो, नळाच्या पाण्यातले क्षार बारीक खाचांत साचतात. शेवाळ न होण्याचं औषध घाला किंवा तयार कूलंट वापरा. तांब्याच्या ब्लॉकसोबत अॅल्युमिनियमचा रेडिएटर कधीच नको, गंज चढतो.

पाणी भरणं आणि आवाज ओळखणं

पहिल्यांदा भरताना प्रोसेसर, बोर्ड, कार्ड यांच्या वीजवायरी काढून ठेवा. फक्त पंप चालवा. त्यासाठी २४ पिनांचा जंपर प्लग मिळतो, तो वापरा. वायर खुपसून जुगाड करू नका. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवा, कॅबिनेट हळूहळू चारी बाजूंना कलवा, म्हणजे अडकलेले बुडबुडे टाकीत येतील. असं २४ तास चालू द्या. टिश्यू कोरडे राहिले तरच पुढे. गळतीचा एक थेंब गिऱ्हाइकाचं लाख-दीड लाखाचं मशीन आणि तुमचं नाव, दोन्ही घेऊन जातो.

मग आवाज ऐका. कुठला आवाज कुठून येतो हे ओळखायला शिका :

- खळखळ : आत हवा आहे. पुन्हा कलवा, टाकी भरा, दोन-तीन दिवस द्या.
- गुणगुण : पंप हातात अलगद उचलून धरा. आवाज गेला तर दोष पंपाचा नाही, बसवण्याचा आहे. गादी बदला.
- घरघर किंवा कटकट : कचरा अडकलाय किंवा बेअरिंग खराब आहे. पंप बदला, वाद नको.
- सूंऽऽ : पंखे क्षणभर थांबवून पाहा. बऱ्याचदा पंपाला शिव्या पडतात आणि गुन्हेगार पंखा असतो.

ही तपासणी दुकानात दुपारी करू नका, रस्त्याच्या गोंगाटात सगळंच शांत वाटतं. रात्री अकरानंतर, पंखा-एसी बंद करून, एक मीटरवरून ऐका. मोबाइलचं आवाज मोजणारं अॅप खरा आकडा देईलच असं नाही, पण आधी-नंतरची तुलना करायला चालतं. आपल्याकडे निवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. तुमचं मशीन त्याच्या बरंच खाली हवं.

आता धंद्याचं बोला

समजा एका मशीनमागे तुम्हाला ८,००० रुपये सुटतात. आवाजाच्या तक्रारीसाठी खारघरला तीनदा गेलात, एकदा पंप बदलायला लॅमिंग्टन रोडला गेलात, तर तुमचे दोन दिवस गेले. उरलं काय? म्हणून तीन सवयी लावून घ्या.

पहिली : एकाच मॉडेलचा पंप सगळीकडे वापरा आणि एक जादा जवळ ठेवा. दुसरी : मशीन देताना एक पानाची नोंद द्या, त्यात पंपाचा ठरवलेला वेग, पाणी भरल्याची तारीख, कूलंटचं नाव आणि पुढच्या देखभालीची तारीख. प्रत तुमच्याकडे ठेवा. तिसरी : वर्षातून एकदा पाणी बदलण्याचे पैसे कोटेशनमध्येच वेगळे लिहा. नंतर मागितलेले पैसे भांडणाचे, आधी सांगितलेले हक्काचे.

आणि विक्रीचं वाक्य बदला. "आम्ही जर्मन पंप लावतो" म्हणू नका. रात्री गिऱ्हाइकाला त्याच्याच खोलीत बसवा, मशीनवर व्हिडिओ रेंडर लावा, माइक चालू करा आणि रेकॉर्डिंग त्यालाच ऐकवा. त्याहून मोठी जाहिरात नाही.

गृहपाठ : तुमच्याकडे किंवा मित्राकडे असलेल्या एका मशीनचा आवाज आज रात्री ऐका. वरच्या चारपैकी कोणता आहे आणि तो कुठून येतो, ते वहीत लिहा. खर्च शून्य, पण कान तयार होतो. या धंद्यातलं पहिलं भांडवल तेच आहे.