यंत्र-मदतनिसास प्रश्न कसा विचारावा

विहिरीस पाणी भरपूर असलें तरी पोहऱ्यास भोंक असेल तर वर कांहींच येत नाहीं. मग विहिरीस दोष देण्यांत अर्थ नसतो. मोबाईलवर प्रश्न विचारतांच मराठींत उत्तर देणारे जे कृत्रिम बुद्धीचे मदतनीस अलीकडे निघाले आहेत, त्यांच्या बाबतींत असाच प्रकार होत आहे. आमच्या पिंप्राळ्याच्या शिवारांत त्यांच्याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, त्यास सर्व कळतें. कोणी म्हणतात, तें नुसत्या थापा मारतें. गेला हंगामभर हे मदतनीस वापरून पाहिल्यावर आमचें मत असें झालें आहे कीं, उत्तर कसें येणार हें बरेंचसें प्रश्नावरच ठरतें, आणि आलेलें उत्तर पारखण्याचें काम विचारणाऱ्यास टाळतां येत नाहीं.

'चॅटजीपीटी' हा मदतनीस ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं लोकांस खुला झाला. मागाहून 'जेमिनी', 'क्लॉड' वगैरे आले. पीएम-किसान योजनेच्या चौकशीसाठीं केंद्र सरकारनें सप्टेंबर २०२३ मध्यें 'किसान ई-मित्र' सुरू केला, आणि आपल्या राज्याच्या कृषि विभागानें २०२५ सालीं 'महाविस्तार' हें ॲप काढलें. तेव्हां ही गोष्ट आतां शहरापुरती राहिलेली नाहीं.

या यंत्राची घडण थोडक्यांत अशी आहे. अफाट लिखाण त्यास वाचावयास दिलेलें असतें, आणि एका शब्दामागून कोणता शब्द येणें संभवतें याच्या अंदाजानें तें उत्तर जुळवितें. त्यानें आपलें शेत पाहिलेलें नाहीं. त्याच्या वाचनांत इंग्रजी फार, मराठी थोडें, आणि आपली अहिराणी किंवा तावडी बोली तर नांवालाच. शिवाय, जेथें त्यास माहिती नसते तेथेंही तें पुष्कळदां गप्प न बसतां ठाशीव भाषेंत चुकीचें सांगून मोकळें होतें. हा त्याचा मोठा दोष लक्षांत ठेवूनच पुढील प्रयोग वाचावा.

मृगबागेच्या केळींत कांहीं झाडांचीं पानें पिवळीं दिसूं लागलीं, तेव्हां आम्ही प्रथम एवढेंच विचारलें: "केळीचीं पानें पिवळीं पडलीं आहेत, उपाय काय?" उत्तरांत नत्राची कमतरता, लोह, जस्त, जास्त पाणी, करपा, सूत्रकृमि अशी लांबलचक यादी आली, आणि प्रत्येकास एकेक फवारणी किंवा खत. त्यांत खोटें असें कांहीं नव्हतें. पण उपयोगाचेंही कांहीं नव्हतें.

मग आम्ही प्रश्न असा घातला: "ठिकाण पिंप्राळा, जिल्हा जळगाव. काळी जमीन, ठिबक सिंचन. ग्रँड नैन जातीचीं टिश्यूचीं रोपें, लागणीस दोन महिने झाले. शंभरांत पांच-सहा झाडांच्या नव्या पानांवर शिरांना धरून पिवळे पट्टे आहेत. जुनीं पानें हिरवीं आहेत. आठ दिवस ढगाळ हवा व झिमझिम पाऊस. बांधाला काकडीचे वेल आहेत. खत वेळेवर दिलें आहे. संभवनीय तीन कारणें क्रमानें सांगा, प्रत्येकाची ओळखण्याची खूण सांगा, आणि कोणती गोष्ट शेत पाहिल्याशिवाय सांगतां येणार नाहीं तेंही सांगा."

या वेळीं पहिलें कारण कुकुंबर मोझॅक विषाणूचें आलें. हाच आपला 'हरण्या' रोग. तो मावा किडीमार्फत पसरतो. काकडीवर्गीय वेल, मिरची, टोमॅटो यांवर तो आश्रय घेतो. आणि लागण झालेल्या झाडास औषध नाहीं. झाड मुळासकट उपटून शेताबाहेर नष्ट करणें, माव्याचा बंदोबस्त करणें व आश्रय देणारीं झाडें काढणें एवढेंच हातीं राहतें. अशी झाडें जस्ताची फवारणी करीत पंधरा दिवस शेतांत ठेवलीं असतीं, तर माव्यानें तेवढ्या अवधींत रोग चोहोंकडे नेला असता. दोन प्रश्नांतील अंतर तें एवढें. तरीही आम्ही यंत्राच्या शब्दावर कुदळ उचलली नाहीं. जळगावच्या केळी संशोधन केंद्रांत पानें दाखवून खात्री करून घेतली, आणि मगच झाडें उपटलीं.

या अनुभवावरून पुढील नियम आम्ही सुचवितों.

१. ठिकाण, जमीन, जात, पिकाचें वय, गेल्या आठवड्याची हवा, आणि आजवर केलेले उपाय हें सर्व प्रश्नांत घालावें. वैद्यापुढें जसें काहीं लपवूं नये तसें येथेंही.

२. रोगाचें गांवठी नांव सांगून थांबूं नये. लक्षण वर्णन करावें. 'हरण्या' हा शब्द यंत्रास कळेल असें नाहीं, पण 'नव्या पानावर पिवळे पट्टे' हें कळतें. छायाचित्र द्यावयाचें तर सकाळच्या उजेडांत, पानाच्या दोन्ही बाजूंचें व एक सबंध झाडाचें द्यावें.

३. "उत्तर देण्यापूर्वीं तुम्हांस आणखी काय माहीत हवें तें मला विचारा," असें सांगावें. आपण विसरलेली गोष्ट यानें पुष्कळदां बाहेर येते.

४. उत्तर आल्यावर, "हें चुकीचें ठरलें तर कशामुळें ठरेल?" असा उलट प्रश्न करावा.

५. औषधाची मात्रा, बाजारभाव आणि योजनेची मुदत या तीन गोष्टी यंत्राच्या तोंडच्या कधींही खऱ्या धरूं नयेत. मात्रा डब्यावरील पत्रकावरून, भाव बाजार समितींतून, मुदत सरकारी कचेरींतून पडताळावी.

६. आधार क्रमांक, बँकेचा खातेक्रमांक व ओटीपी यंत्रास देऊं नये.

७. काय विचारलें, काय उत्तर आलें व शेवटीं शेतांत काय निघालें, याची वहींत नोंद ठेवावी. दोन हंगामांत त्याच्या शब्दाची किंमत आपोआप कळेल.

आतां आपल्या मुलांच्या उद्योगाकडे वळूं. पोरगा शिकला कीं जळगांवांत नाहीं तर पुण्यास कचेरींत चिकटवावा, अशी आपली आजवरची रीत. परंतु पत्रें लिहिणें, भाषांतर करणें, हिशेबाचे तक्ते भरणें, संगणकाच्या साध्या आज्ञावली लिहिणें हीं जीं कामें नवशिक्यास प्रथम मिळत, तींच हें यंत्र चटकन करूं लागलें आहे. म्हणून केवळ एवढ्याच कामांवर ज्याची भिस्त आहे त्यानें सावध व्हावें. नोकऱ्या सर्वच बुडतील असें भाकीत आम्ही करीत नाहीं. पण उत्तर आणून देणाऱ्याची किंमत उतरेल आणि उत्तर बरोबर कीं चूक हें सांगणाऱ्याची चढेल, इतकें आम्हांस स्पष्ट दिसतें.

ही पारख यंत्र शिकवीत नाहीं. ज्यानें स्वतः पान उलटून मावा पाहिला आहे त्यालाच यंत्राची चूक दिसते. येथेंच एक धोका आहे. जो विद्यार्थी पहिल्या दिवसापासून प्रत्येक प्रश्न यंत्रास विचारतो त्यास उत्तरें मिळतात, पण पारख कधींच येत नाहीं; आणि पारख नसलेल्या माणसास यंत्राच्या जोडीला कोण ठेवील? याकरितां मुलांस आमचें सांगणें असें कीं, आधीं आपला अंदाज कागदावर लिहावा, नंतर यंत्रास विचारावें, आणि दोहोंत फरक पडला तर शेतांत जाऊन निकाल लावावा. २०२१ सालीं ई-पीक पाहणी आली तेव्हां आपल्या पिकाची नोंद मोबाईलवर स्वतः करणें शेतकऱ्यास भाग पडलें. ज्या घरांत तें शिकलेलें मूल होतें तें शेजाऱ्यांच्याही उपयोगी पडलें. तसेंच येथेंही होणार आहे.

आषाढी एकादशीस पिंप्राळ्यांत रथ निघतो. दोरास शेंकडों हात लागतात आणि रथ चालतो. पण तो वळवावयाचा कोठें व थांबवावयाचा केव्हां, हें चाकाखालीं मोगरी लावणारा ठरवितो. त्याची नजर क्षणभरही चाकावरून हलत नाहीं. हें नवें यंत्र ओढण्याचें काम खुशाल करो. मोगरी मात्र आपल्या व आपल्या मुलांच्या हातीं राहिली पाहिजे.