तेलाचा तांबडा दिवा

यंत्राचे दोन भाग एकमेकांवर घासले की उष्णता उत्पन्न होते व धातू झिजतो. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्या शेतकऱ्यास हे तत्त्व चांगले ठाऊक असते. मोटारीच्या एंजिनातही तेच तत्त्व लागू आहे. भेद वेगाचा आहे. मिनिटाला ३००० फेरे घेणारा एंजिनाचा मुख्य दंड दर सेकंदाला ५० वेळा फिरतो. अशा वेगाने फिरणाऱ्या दंडाला तेल मिळाले नाही, तर काही मिनिटांतच एंजिन निकामी होऊ शकते.

तेलाचा थर

बोचँप टॉवर या इंग्रज अभियंत्याने रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर केलेले प्रयोग १८८३ साली प्रसिद्ध झाले. बेअरिंगच्या माथ्यावर पाडलेल्या छिद्रातून तेल वर येऊ लागले, म्हणून ते छिद्र बुचाने बंद करण्यात आले. परंतु तेलाने बूचच बाहेर ढकलून दिले. तेथे मोठा दाब उत्पन्न होत होता, हे उघड झाले. १८८६ साली ऑसबोर्न रेनल्ड्स यांनी याची गणिती उपपत्ती मांडली. फिरणारा दंड तेलाला आपल्याबरोबर निमुळत्या फटीत ओढून नेतो, आणि त्या तेलाचा दाब दंडाला धातूपासून अलग उचलून धरतो. हा थर मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागाएवढाच जाड असतो. तो अखंड राहावा म्हणून एंजिनाच्या तळाशी असलेल्या संपमधील तेल पंपाने सतत वर पाठविले जाते.

दिवा काय सांगतो

तेलाच्या मार्गावर दाबाने चालणारे एक बटण बसविलेले असते. दाब पुरेसा असला की त्यातील पडदा मागे सरतो, विद्युत्मंडल तुटते व दिवा विझतो. दाब उतरला की मंडल जुळून दिवा लागतो. म्हणून किल्ली फिरविताच, एंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा लागलाच पाहिजे; न लागल्यास दिवा किंवा तार बिघडली आहे असे समजावे. एंजिन सुरू होताच काही सेकंदांत तो विझला पाहिजे. तांबडा दिवा तेलाची पातळी नव्हे, तर दाब दर्शवितो, हे ध्यानात ठेवावे. अनेक नव्या गाड्यांत पातळीसाठी निराळा पिवळा दिवा असतो.

जयपूरचे उदाहरण

मे महिन्यात जयपूरला दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा वेळी एखादी गाडी जलमहालावरून आमेरकडे निघून पुढे नाहरगडाची वळणावळणाची चढण चढू लागते आणि एका वळणावर तांबडा दिवा क्षणभर लुकलुकतो. संपमध्ये तेल कमी असल्यास चढणीवर व वळणावर ते एका बाजूस सरकते आणि पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा येते. सपाटीवर दिवा विझला, तरी ही सूचना खरीच असते. याउलट, एंजिन तापलेले असताना व गाडी उभी असतानाच दिवा लुकलुकत असेल, तर तेल फार पातळ झाले असावे, अथवा पंप किंवा बेअरिंगे झिजली असावीत. दगड लागून संप फुटणे, गाळाने जाळी तुंबणे व बटणच बिघडणे हीही कारणे संभवतात. परंतु दोष बटणाचा आहे, असे तपासणीवाचून गृहीत धरू नये.

काय करावे

१. वेग कमी करून, इशारा देऊन गाडी रस्त्याच्या कडेस सुरक्षित जागी घ्यावी व एंजिन तत्काळ बंद करावे. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये. सुकाणू अडकण्याचा धोका असतो.

२. सपाट जागी पाच-दहा मिनिटे थांबावे. तेल खाली उतरल्यावर मापपट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. गाडीखाली तेल सांडले आहे काय, हेही पाहावे.

३. पातळी कमी असल्यास पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे तेल थोडेथोडे घालावे. वरच्या खुणेपलीकडे भरू नये. फिरता दंड जादा तेल घुसळून त्याचा फेस करतो, आणि फेसाने दाब टिकत नाही.

४. गळती नसल्यास एंजिन सुरू करावे. काही सेकंदांत दिवा विझला, तर जवळच्या कारखान्यात जाऊन तेल का घटले याचा तपास करवावा.

५. पातळी ठीक असूनही दिवा लागला, तेल घालूनही तो विझला नाही, किंवा एंजिनातून खडखडाट आला, तर एंजिन पुन्हा सुरू करू नये. गाडी ओढून न्यावी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते.

मोह आणि हिशेब

“कारखाना पाच किलोमीटरांवरच तर आहे” असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने ते अंतर तोडण्यास पाच मिनिटे लागतात. एंजिन मिनिटाला २५०० फेरे घेत असेल, तर तेवढ्या वेळात दंड १२,५०० वेळा तेलावाचून फिरेल. बेअरिंगे वितळून दंडाला चिकटली, तर एंजिन जागीच अडकते. गाडी ओढून नेण्याचा खर्च नव्या एंजिनाच्या खर्चापुढे अल्प असतो. म्हणून दूरच्या प्रवासास निघण्यापूर्वी मापपट्टी पाहण्याची सवय प्रत्येक चालकाने लावून घ्यावी.