चुळबुळ करणारे मूल

मानोऱ्याच्या बाजारात आम्ही ऐकतो, "पोरगं एका जाग्यावर बसतच नाही. मारलं तरी ऐकत नाही."

मारून लक्ष लागते का?

१९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडी काढली. बिया, पाने, शिंपले हीच खेळणी झाली. हात गुंतले, की मूल रमले.

काही मुलांचे लक्ष तरीही टिकत नाही. कॅनडातील व्हर्जिनिया डग्लस बाईंनी अशा मुलांचा अभ्यास केला. १९७२ साली त्यांनी सांगितले, खरी अडचण लक्ष टिकवण्याची आणि मनाला आवर घालण्याची असते. हा खोडसाळपणा नव्हे. आईबापाचा दोषही नव्हे.

मग काय करावे? एका वेळी एकच लहान काम सांगावे. झाले, की लगेच शाबासकी द्यावी. घरी आणि शाळेत, दोन्हीकडे अडचण सहा महिने दिसली, तर डॉक्टरांना दाखवावे. हात मात्र उगारू नये.