टिप हे दान, पगार हे देणं

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय 17, श्लोक 20 ते 22



या तीन श्लोकांत भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. द्यायलाच हवं म्हणून, परतफेडीची आशा न ठेवता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा जिवावर येऊन दिलेलं ते राजस. मान न राखता, तुच्छतेने दिलेलं ते तामस.

गेल्या रविवारी बोरीला घरी गेलो होतो. वाटेत एका हॉटेलात चहा-भजी घेतली. बिल 85 रुपये. मी स्कॅन करून 100 टाकले आणि वाढणाऱ्या काकांना म्हटलं, "वरचे तुम्हाला."

काका हसले. "दादा, ते तर मालकाच्या खात्यात गेले की! अन् वरच्याचं काय घेऊन बसलात, दोन महिन्यांचा पगारच अडकलाय."

मी गप्प. 15 रुपयांत पुण्य पदरात पडलं असं वाटत होतं, आणि ते त्यांच्यापर्यंत पोचलंही नव्हतं. काकांच्या हातात रोख 20 ठेवले. मालकाला विचारायला मात्र जीभ रेटली नाही.

टिप आणि पगार यांत आपण गल्लत करतो. किमान वेतनाचा कायदा आपल्याकडे 1948 साली झाला. ते वेतन मालकाने द्यायचं असतं. 2016 साली सर्वोच्च न्यायालयानेही प्राप्तिकराच्या एका खटल्यात सांगितलं की ग्राहकाने दिलेली टिप म्हणजे मालकाने दिलेला पगार नव्हे. अमेरिकेत उलटं आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार टिप घेणाऱ्याला मालकाने रोख ताशी 2.13 डॉलर दिले तरी चालतात, ताशी 7.25 पर्यंतची भर टिपांतून पडत असेल तर. 1991 पासून तो आकडा हललेला नाही. म्हणजे पोट गिऱ्हाइकाच्या मर्जीवर!

गीता इथे डोळे उघडते. दान देणाऱ्याच्या मनावर असतं. मजुरी तशी नसते, ती घाम गाळला तेव्हाच त्याची झाली. तिसऱ्या अध्यायात (श्लोक 12) भगवंत म्हणतात की ज्यांच्यामुळे मिळालं त्यांना न देता जो भोगतो, तो चोरच. मग पगार अडवून वर दानधर्म केला तर तो कोणत्या खात्यात जमा होणार?

मालकाला नावं ठेवणं सोपं आहे. रात्री जेवताना आठवलं, आमच्या सालगड्याचे राहिलेले पैसे "कापूस विकला की देऊ" म्हणून आम्हीही लांबवलेत. बाबांना बोललो. ते म्हणाले, "कुठं पळून चाललोय का आपण?" मी म्हटलं, "बाबा, त्याच्या घरची चूल तर कापसासाठी थांबत नाही ना." बाबा काही बोलले नाहीत. सकाळी माझ्याकडचे पैसे त्यांच्याच हातून दिले.

आजचा नेम: टिप द्यायची तर रोख, हातात, नाव विचारून. आणि त्याआधी आपण कुणाचं देणं लागतो ते आठवायचं.

पांडुरंगा, दुसऱ्याच्या हक्काचं आमच्या घरात राहू देऊ नकोस.